वाक्वातले बारा दिवस

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

मुंबईहून निघालेलं विमान समुद्रावरून सहा तासांहून थोडं अधिक उडालं आणि दुपारी मॉरिशसला, प्लेझाँसच्या विमानतळावर उतरलं. घड्याळ दीड तास मागे केलं. बाहेर मैत्रीण, तिची लेक आणि तिचे सासरे, असे तिघंही उभे. मैत्रीण मॉरिशसमध्ये मराठीची शिक्षिका आहे. तेरा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका तुकडीबरोबर ती रत्नागिरीला आली होती तेव्हा आठ दिवस माझ्याकडे राहिली. तेव्हापासून "ताई, तुम्ही कधी येणार?" हे टुमणं चालू होतं. मी निवृत्त झाले आणि इथे निवडणूक जाहीर झाली, तेव्हा म्हटलं हाच मुहूर्त. बावीस वर्षं मतदान केंद्रावर ड्युटी केली आहे मी. दुसऱ्याच्या देशात मतदान कसं होतं ते बघायची इच्छा मनात किती वर्षं होती.

मैत्रिणीच्या गावी, वाक्वाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस. अर्धा तुटलेला, अर्धा उभा. आणि गावागावातून रस्त्यावर आडव्या ताणलेल्या झेंड्यांच्या माळा. लाल मजूर पक्षाचा, जांभळा एमएमएमचा, नारिंगी सत्तेतल्या एमएसएमचा, निळा पीएमएसडीचा. पहिले दोन यावेळी एकत्र, 'अलियांस द्यु शांजमाँ', म्हणजे परिवर्तनाची आघाडी. पुढचे दोन दुसऱ्या बाजूला, 'अलियांस लेपेप', जनतेची आघाडी.

लेक मागच्या सीटवर फोन हलवत होती. फेसबुक उघडेना, इन्स्टाग्राम उघडेना, टिकटॉक उघडेना. मला वाटलं नेटवर्क नाही. "नाही मावशी, सरकारने बंद केलंय. अकरा तारखेपर्यंत."

घरी पोचल्यावर चहा झाला आणि मी सहज विचारलं, की हे काय प्रकरण. नाना, म्हणजे मैत्रिणीचे सासरे, उठले. टेबलावरचे चारही फोन त्यांनी गोळा केले, माझासुद्धा. आत जाऊन भाताच्या मोठ्या पातेल्यात ठेवले, वर झाकण घातलं, आणि मगच येऊन बसले.

ऑक्टोबरच्या मध्यापासून 'मिसिये मुस्तास', म्हणजे मिशीवाले साहेब, अशा नावाने कुणीतरी फोनवरच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर टाकायला लागलं होतं. एकामागून एक. राजकारणी, वकील, पत्रकार, परदेशी मुत्सद्दीसुद्धा. सरकारचं म्हणणं, हे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आहेत. ज्यांचे आवाज होते त्यांच्यातले काही म्हणाले, हे आमचंच बोलणं. आणि काल दूरसंचार नियामकाने सगळी समाजमाध्यमंच बंद करायचा आदेश काढला. मतदानाला दहा दिवस असताना.

नाना हिंदी बोलतात, भोजपुरी वळणाची. "हमारे घर में कौन-सा भेद है," ते म्हणाले, "लेकिन हमारा है ना।"

२ नोव्हेंबर, शनिवार

आज इथे सार्वजनिक सुट्टी. करारावर आणलेल्या मजुरांच्या आगमनाचा दिवस. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून बिहारकडचे छत्तीस मजूर पोर्ट लुईसला उतरले. या वर्षी त्याला १९० वर्षं झाली. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून हा नवा 'प्रयोग'. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं इथे उतरली.

दुपारी आप्रवासी घाटावर गेलो. सकाळचा सरकारी कार्यक्रम आटोपला होता. दगडी पायऱ्यांवर फुलं पडलेली होती. सोळा पायऱ्या. बंदराच्या कडेला, हमरस्त्याला लागून. मी मनात काहीतरी विशाल धरून गेले होते. प्रत्यक्षात हे आपल्या एखाद्या जुन्या धक्क्याएवढं आहे, पडक्या भिंती, न्हाणीघरं, रुग्णालयाच्या खोल्यांचे पाये. २००६ साली युनेस्कोने याला जागतिक वारसा ठरवलं. नानांनी चप्पल काढली आणि पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला. मीही लावला.

घरी आल्यावर मैत्रिणीने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. वंशजांना उतारा मिळतो. नानांच्या खापरपणजोबांचा हा उतारा. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय २२, उंची, अंगावरची खूण: डाव्या भुवईवर व्रण. जिल्ह्याच्या रकान्यात कारकुनाने ऐकू आलं तसं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'रुटनागेरी'. आडनावाला रकानाच नाही. त्या माणसाचं पाळण्यातलं नाव हेच पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झालं. इथल्या कितीतरी मराठी घरांची हीच कथा, म्हणून आडनावं सगळी पणजोबांना हाक मारल्यासारखी. मी त्या 'रुटनागेरी'वर बोट ठेवून बराच वेळ बसले. माझ्या जिल्ह्यातला बावीस वर्षांचा मुलगा. कुठल्या गावचा, ते कारकुनाने लिहिलं आहे, पण मला काही केल्या लागेना. मी चार-पाच गावांची नावं मोठ्याने म्हणून पाहिली. नाना प्रत्येक नावाला मान हलवत होते, जणू कुठलंही चालेल.

रात्री लेक ओरडत आली. फेसबुक सुरू झालं. जेमतेम दोन दिवसही बंदी टिकली नाही, इतका ओरडा झाला.

३ नोव्हेंबर, रविवार

नानांचा जन्म १९४६ चा. पहिलं मत त्यांनी ऑगस्ट १९६७ मध्ये दिलं, तेव्हा मतदानाला एकवीस पूर्ण लागत. आणि ते मत साधं नव्हतं. स्वातंत्र्य हवं की नको, हाच त्या निवडणुकीचा विषय. चव्वेचाळीस टक्के लोकांनी नको म्हणणाऱ्या पक्षाला मतं दिली होती! आपल्याकडे ही कल्पनाही करवत नाही. हिंदूंचं राज्य येईल, अशी इथल्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या, आणि इतर समाजांना भीती होती. १२ मार्च १९६८ ला झेंडा बदलला.

"फिर नौ साल कुछ नहीं," नाना म्हणाले. १९७२ ची निवडणूक पुढे ढकलली, आणीबाणी लावली, संप मोडले, पुढाऱ्यांना आत टाकलं. पुढची सार्वत्रिक निवडणूक थेट १९७६ ला. मला आपलं १९७५ आठवलं, तसं मी म्हटलंही. त्यावर नाना म्हणाले की त्यांचं आणीबाणीचं वर्ष मोजायचं तर बोटं जास्त लागतील.

त्यांच्या तक्रारीतली सर्वात ताजी मात्र नगरपालिकेची. वाक्वा-फिनिक्स ही नगरपालिका आहे. शेवटची निवडणूक २०१५ ला झाली आणि त्यानंतर ती पुढे, पुढे, पुढेच. मी गप्प बसले. मुंबई, पुणे, कितीतरी जिल्हा परिषदा, आपल्याकडे २०२२ पासून प्रशासक बसलेले आहेत. सांगितलं तेव्हा नानांनी माझ्याकडे अशा आपुलकीने पाहिलं, की दोघांचं एकच दुखणं निघालं.

संध्याकाळी चौकात सभा. ट्रकवर ध्वनिवर्धक, सेगा या इथल्या लोकसंगीताच्या चालीवर प्रचारगीतं, फटाके. उमेदवार क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीत बोलतात. फ्रेंच वर्तमानपत्रात, इंग्रजी संसदेत, क्रिओल माणसांत. मला एक शब्द कळत नव्हता, पण मैत्रीण कानात सांगत होती: निवृत्तिवेतन वाढवू, चौदाव्या महिन्याचा बोनस देऊ. दोन्ही आघाड्या हेच सांगतात. साठी गाठलेल्या प्रत्येकाला इथे सरकारकडून दरमहा पैसे मिळतात, श्रीमंत-गरीब न बघता. हे ऐकून मला खरोखर बरं वाटलं. आपल्याकडे साठीनंतर हात पसरावा लागतो तो मी शेजारी-पाजारी रोज बघते.

४ आणि ५ नोव्हेंबर

वाक्वा उंचावर आहे, इथे सतत भुरभुर पाऊस. घरापासून चालत वीस मिनिटांवर देशाची हवामान कचेरी. नाना रोज त्या बाजूने फिरायला जातात. जानेवारीत बेलाल चक्रीवादळ आलं तेव्हा याच कचेरीवर सगळा देश चिडला होता. सोमवार, १५ जानेवारी. वादळाच्या सूचनेचे इथे चार वर्ग आहेत आणि वरचा वर्ग लागला की कामं बंद, बस बंद, सगळे घरी. त्या दिवशी माणसं कामावर गेली होती. पोर्ट लुईसमध्ये पाणी एवढ्या वेगाने चढलं की मोटारी एकमेकांवर तरंगत गेल्या. मैत्रीण त्या दिवशी शाळेत अडकली. तिचा नवरा राजधानीत कामाला, तो एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर उभा राहून खालून आपली गाडी जाताना बघत होता. दोनच दिवसांत हवामान खात्याच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

मंगळवारी मेट्रोने पोर्ट लुईसला गेले. ही मेट्रो भारताच्या मदतीने झाली आहे. कोदानजवळच्या भुयारी वाटेपाशी थांबले. ३० मार्च २०१३ ला असंच पाणी आलं होतं आणि अकरा माणसं गेली, काही या वाटेत. बेलालच्या वेळी लोकांना हेच आठवलं असणार. डोंगर शहराच्या पाठीशी टेकून उभा, समोर समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सगळं काँक्रीट. पाण्याने जायचं कुठे? वाट मुळातच ठेवलेली नाही आणि हा दोष एका हवामान अधिकाऱ्याचा नव्हे, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

शाँ द मार्सवर घोड्यांच्या शर्यती १८१२ पासून होतात. स्वातंत्र्याचा झेंडा याच मैदानावर चढला आणि दर १२ मार्चला इथेच संचलन होतं. यंदा प्रमुख पाहुण्या आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू होत्या. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, उत्तरेकडच्या अगालेगा बेटांवर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं आणि धक्क्याचं उद्घाटन झालं. भारताविषयी इथे माया आहे, पण धावपट्टीबद्दल विचारलं की लोक जरा जपून बोलतात. एका बाजूला दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा तळ, दुसऱ्या बाजूला आता हे. लहान देशाला मोठ्या मित्रांचं ओझंही असतं.

मैदानाबाहेर सायकलवरच्या डब्यातून डॉल पुरी घेतली. ती एक कधीच देत नाहीत, जोडी. आत वाटलेली चणाडाळ, वर घेवड्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. पुरणपोळीतलं गूळ काढून तिखटात बुडवावी तशी लागते. बंद कागदात गुंडाळून, उभ्याने, टायवाला बँकेतला साहेब आणि रस्ता झाडणारा, सगळे एकाच कट्ट्याशी.

६ नोव्हेंबर, बुधवार

गंगा तलाव. ढग तळ्यावर उतरलेले, माकडं, शंकराची प्रचंड मूर्ती. शांत होतं. महाशिवरात्रीला निम्मा देश कावडी घेऊन इथे चालत येतो. यंदाच्या मार्चमध्ये एका उंच कावडीचा विजेच्या तारेला स्पर्श झाला, आग लागली, सहा यात्रेकरू गेले. मैत्रीण म्हणाली, त्यातल्या काहींना ओळखणारं माणूस प्रत्येक गावात निघालं. साडेबारा लाखांचा देश, आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाएवढा. बातमीतला माणूस इथे कुणाचा तरी मावसभाऊ असतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर पाऊस. मैत्रिणीच्या मराठीच्या वर्गात बसले. सरकारी प्राथमिक शाळेत इथे मराठी शिकवतात, वर्गात नऊ मुलं. 'ळ' म्हणताना सगळ्यांची जीभ अडते. घरी ती क्रिओल बोलतात, त्यांच्या आजी-आजोबांनाही आरत्या आणि काही नाती एवढंच मराठी येतं. पण गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. इथून जवळच हेन्रिएट्टा गाव आहे, तिथे एका मराठी घराने १८९६ साली गणपती बसवला, ती इथली सुरुवात असं सगळे सांगतात. विसर्जनाला 'झाकरी' नाचतात. मुलांनी मला चार पावलं दाखवली. पायातला तो ठेका, तो मधेच घेतलेला गिरका! आमच्या संगमेश्वरकडची जाखडी. मी उठून त्यांच्यात नाचले.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हा दिवस मी मुद्दाम मागून घेतला होता.

८ नोव्हेंबर १९६५ ला ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली. स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना, तीस लाख पौंड हातावर ठेवून. मग दिएगो गार्सिया अमेरिकेला लष्करी तळासाठी दिलं आणि १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या माणसांना हलवलं. खोबऱ्याच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं. त्यांची कुत्री खोबरं वाळवायच्या कोठीत कोंडून मारली. एक पेटी घ्या आणि जहाजावर चढा.

मैत्रिणीच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंची आई त्यातली. रोश ब्वामध्ये, बंदराच्या मागच्या बाजूला, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटच्या भिंती असलेलं घर. आजी आता ऐंशीला टेकल्या आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्या नारळ खवत होत्या, लाकडी पाटाला बसवलेल्या लोखंडी खवणीवर, पाय दुमडून, अगदी आमची आजी बसायची तशी. त्या रसात मासा शिजवतात त्याला 'सेराज' म्हणतात. दुसऱ्यांदा दूध पिळताना त्यांनी मला हात लावू दिला नाही. पिळताना मनगट कसं वळवायचं ते त्यांच्या बेटावरचं निराळं आहे, असं लेकीने क्रिओलमधून समजावलं.

त्यांचं एक मूल जहाजातून उतरल्यावर वर्षभरात गेलं. डॉक्टरने काय सांगितलं, असं मी विचारलं. "साग्रें," आजी म्हणाल्या. हा चागोसच्या माणसांचा शब्द. दुःख म्हणावं तर थोडं, झुरणी म्हणावं तर जवळ जातं. त्यांच्यात माणसं साग्रेंने मरतात आणि मरणाचं कारण म्हणून ते सरळ सांगतात.

२०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की बेटं तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने तिथला कारभार संपवावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मॉरिशसच्या बाजूने ११६ विरुद्ध ६ मतं पडली. आणि यंदा ३ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांनी जाहीर केलं: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियावरचा तळ मात्र ९९ वर्षं राहणार, बाकी बेटांवर माणसं वसवता येतील. दुसऱ्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी संसद विसर्जित केली. विजयाच्या लाटेवर निवडणूक जिंकता येईल असा तो हिशेब होता. टेप बाहेर आल्या आणि ती लाट कुठल्या कुठे गेली.

आजींना मी विचारलं, जाणार का परत? त्या जन्मल्या दिएगो गार्सियावर. तेच तेवढं मिळणार नाही. "आम्हाला कुणी विचारलं होतं का?" हे त्या तीनदा म्हणाल्या. सही करताना, तोडताना आणि आता जोडताना. मी जेवढ्या लोकांशी या बेटांविषयी बोलले ते सगळे देशाच्या हक्काविषयी बोलले, नकाशाविषयी. ज्यांचं घर होतं ती माणसं या शहराच्या सर्वात पडक्या वस्तीत पन्नास वर्षं राहिली, आणि ती इथल्या सरकारांनीही तशीच राहू दिली. हे मॉरिशसच्या माणसांना मी तोंडावर बोलले. नाना म्हणाले, "सच है।"

९ नोव्हेंबर, शनिवार

मैत्रीण उद्याच्या ड्युटीसाठी पिशवी भरते आहे. स्वेटर, पाणी, डबा, पेनं, चष्म्याचा जास्तीचा जोड. मला माझीच पिशवी दिसली. महिनाभर ती राजकारणावर एक वाक्य बोललेली नाही. सरकारी नोकर आणि त्यात मतदान अधिकारी.

१० नोव्हेंबर, रविवार

आमचा नंबर सोळा, वाक्वा-फ्लोरेआल. इथे मतदारसंघ नावाने नाही, नंबराने ओळखतात. मुख्य बेटावर असे वीस, प्रत्येकातून तीन खासदार. रॉड्रिग्स बेट एकविसावं, तिथून दोन. एकूण बासष्ट. मतपत्रिकेवर प्रत्येकाने बरोबर तीन फुल्या करायच्या. दोन केल्या किंवा चार केल्या, मत बाद. यंत्र नाही, कागद आणि पेटी.

वर आणखी जास्तीत जास्त आठ जागा 'बेस्ट लूजर' म्हणजे हरलेल्यांतल्या उत्तम उमेदवारांना, समाजांचा तोल राखायला: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे 'सामान्य लोकसंख्या'. हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतर समाज विचारणं बंद केलं. 'रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव' या छोट्या डाव्या पक्षाने आम्ही आमचा समाज लिहिणार नाही म्हणून वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही २०१२ मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. लहान समाजांना या आठ खुर्च्यांचा आधार वाटतो हे मला समजतं. पण उमेदवाराने कागदावर आपली जात-धर्माची चौकट निवडावी, हे पोटात ढवळतं.

मतदान शाळेत. मी रस्त्यापलीकडे, जांभळीच्या झाडाखाली उभी. नाना कोट घालून आले, इस्त्रीचा, नोव्हेंबरच्या उकाड्यात. रांगेत त्यांच्या पुढे बुरख्यातली बाई, मागे चर्चहून आलेलं कुटुंब. ते बाहेर आले तेव्हा मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. रांगेतल्या एका तरुण भारतीयानेही मत दिलं. दोन वर्षं इथे राहिलेल्या राष्ट्रकुलातल्या नागरिकाला इथे मताधिकार असतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मैत्रीण रात्री उशिरा आली. पेट्या सीलबंद होऊन मोजणीच्या शाळेत गेल्या. मोजणी उद्या. रात्रभर पोलिसांचा पहारा. मी तिला गरम पाण्याचं घमेलं दिलं पाय सोडायला. हिशेब जुळला का, एवढंच विचारलं. मतपत्रिका किती आल्या, किती वापरल्या, किती उरल्या. "जुळला, ताई." हा आकडा जुळल्याचा आनंद ज्याने ड्युटी केली त्यालाच कळतो. आमचा १७-सी, म्हणजे मतांच्या हिशेबाचा नमुना, भरताना हात कापायचे.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून दूरचित्रवाणी. दुपारी कल कळला आणि निकाल पुरे लागायच्या आधीच जगन्नाथ यांनी पराभव मान्य केला. स्वतःच्या आठ नंबरमध्ये, क्वार्तिए मिलितेर-मोकामध्ये, तेही पडले. रात्रीपर्यंत चित्र स्पष्ट: मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा परिवर्तन आघाडीला. रॉड्रिग्सच्या दोन तिथल्या स्थानिक पक्षाला. लेपेपला सत्तावीस टक्क्यांच्या वर मतं आणि निवडून आलेला एकही नाही. त्यांना जे मिळेल ते बेस्ट लूजरच्या खुर्च्यांतून.

रस्त्यावर हॉर्न, लाल आणि जांभळे झेंडे, फटाके, मुलं मोटारींच्या टपावर. लेक नाचून आली, घामाघूम. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. चोरून ऐकणाऱ्या सरकारला, तोंड बंद करायला निघालेल्या सरकारला, माणसांनी तीन फुल्यांनी घरी पाठवलं. कुणी दगड उचलला नाही.

नाना मात्र खुर्चीतून उठले नाहीत. बोटं मोडून सांगू लागले. साठ-शून्य त्यांनी आधी दोनदा पाहिलं आहे. १९८२ ला: शिवसागर रामगुलाम, राष्ट्रपिता, स्वतःच्या मतदारसंघात पडले आणि अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले. नऊ महिन्यांत विजयी आघाडी फुटली. १९९५ ला: अनिरुद्ध जगन्नाथ पडले आणि शिवसागरांचे चिरंजीव नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले. दोन वर्षांत आघाडी फुटली. आता अनिरुद्धांचे चिरंजीव प्रविंद पडले आणि पुन्हा नवीन रामगुलाम, सत्त्याहत्तर वर्षांचे. तिन्ही वेळा जिंकलेल्यांत एमएमएमचे पॉल बेरांजे. १९६८ पासून पंतप्रधान पाच, घराणी तीन.

समोर विरोधक नसला की घरातल्या घरात भांडणं लागतात, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते पटतं. सत्तावीस टक्के माणसांच्या वतीने सभागृहात प्रश्न कोण विचारणार? आनंदाच्या भरात हे आज कुणाला ऐकायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी ते व्हरांड्यातच ठेवलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शपथविधी अजून व्हायचा आहे, पण माझं विमान आज. सकाळी उठले तर नाना फाटकाशी शिडीवर. झेंड्यांच्या माळा काढत होते, दोन्ही आघाड्यांच्या. कापड बाजूला आणि सुतळी बाजूला. सुतळी मागच्या परसातल्या शेंगांच्या वेलांना. गेल्या वेळची टिकली होती, ही जरा कच्ची आहे म्हणाले.

मैत्रिणीने लिचीचा घोस बांधून दिला, मोसमातला पहिला. नानांनी नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत पाकिटात घालून माझ्या हातात ठेवली. गावाचं नाव शोधायचं काम माझ्याकडे. रत्नागिरीला पोचले की तहसीलच्या जुन्या गावयाद्या आणि त्या स्पेलिंगाशी जुळणारी वाडी, दोन्ही बघायचं कबूल केलं आहे.

निघायला अर्धा तास होता. चहा आला. नाना म्हणाले, तुमच्याकडे मतदान कधी? वीस तारखेला, विधानसभेचं. आणि नगरपालिकेचं? ते राहिलंच आहे, म्हटलं. मग कोण येईल, लोक काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा हात वर करून मला थांबवलं. उठले. टेबलावरचे फोन गोळा केले.

"नाना, आता सरकार बदललं ना," लेक म्हणाली.

"हाँ बेटी," नाना म्हणाले, आणि आतून भाताच्या पातेल्याच्या झाकणाचा आवाज आला.